इंदुरात राहून साखर ताब्यात ठेवायची कशी? दोष जिभेचा की शहराचा?

जेलरोडकर
नमस्कार मंडळी. वय ४१, नोकरी बँकेत. मागच्या आठवड्यात तपासणी झाली, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२ आलं. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबिटिस, मधुमेहाच्या आधीची पायरी, लाइफस्टाइल बदला. बदला म्हणजे नेमकं काय करू हे विचारायच्या आत पुढचा पेशंट खुर्चीत बसलेला होता.

आता माझा प्रश्न. मधे माझी बदली बडवानीला, छोट्या गावाला होती, बिऱ्हाड इंदूरलाच. तिथं मी काहीच ठरवलं नव्हतं, डाएट नाही, जिम नाही. खोलीपासून ब्रँच पायी, खानावळीत पोळ्या-वरण-भाजी, रात्री आठनंतर चरायला काही मिळायचं नाही आणि करमणूक नाही म्हणून दहाला झोप. पँट आपोआप ढिली झाली. परत इंदूरला आलो आणि वर्षाच्या आत सगळं होतं तिथं. माणूस मी तोच, जीभ तीच, इच्छाशक्ती तेव्हाही नव्हती आताही नाही. मग बदललं काय? इथं ब्रँचमध्ये कुणाचा वाढदिवस असला की कचोरी, ऑडिटर आला की कचोरी, ऑडिटर गेला की त्या आनंदात कचोरी, घरी आलो की साडेनऊला पोरं म्हणतात बाबा सराफ्यात (रात्रीच्या खाऊगल्लीत) चला.

तर ज्यांनी इथंच राहून जमवलंय त्यांनी सांगा, मन घट्ट केलं की आजूबाजूचं काही बदललं?

टवाळ_भिया
इंदुरात प्री-डायबिटिस म्हणजे रहिवासी दाखला असतो भिया. अभिनंदन. पार्टी कधी?

सदाशिव_३०
कारणं, सगळी कारणं. कचोरी स्वतः चालत तुमच्या तोंडात आली नाही. पुण्यातही मिसळ मिळते, आम्ही रोज खात नाही. नाही म्हणायला शिका, धागा संपला.

टवाळ_भिया
पुण्यात दुपारी एक ते चार दुकानच बंद असतं अप्पा, तिथं इच्छाशक्ती आपोआप येते. 😄 दिवे घ्या.

जेलरोडकर
@सदाशिव_३० नाही म्हणतो हो. पहिल्यांदा म्हणतो, दुसऱ्यांदा म्हणतो. तिसऱ्यांदा मॅनेजर साहेब स्वतः प्लेट घेऊन टेबलापाशी उभे राहतात, "अरे जोशीजी, एक से क्या होता है". तिथं नाही म्हणणारा माणूस मला दाखवा.

मुक्ता_इंदूर
मी कम्युनिटी मेडिसिनमध्ये (अख्ख्या समाजाच्या आरोग्याचा अभ्यास) आहे, म्हणून थोडं लांब लिहिते.

जेलरोडकर, तुमचा बडवानीचा अनुभव मी विद्यार्थ्यांना सांगणार आहे, नाव न घेता. आमच्याकडे हेच शिकवतात की माणसाची सवय त्याच्या एकट्याच्या डोक्यात नसते. थोडी त्याच्यात असते (माहिती, आवड, आनुवंशिकता, ताण), थोडी घरच्यांत आणि मित्रांत, थोडी कामाच्या जागी, आणि बरीचशी रस्त्यावर, बाजारात, सरकारी नियमांत. डॉक्टर बोलतात फक्त पहिल्या भागाबद्दल, कारण पाच मिनिटांत तेवढंच बोलता येतं.

आणि तुम्ही एकटे नाही. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात देशात मधुमेही साधारण १०.१ कोटी आणि प्री-डायबिटिसवाले १३.६ कोटी असा अंदाज होता. आता साडेतेरा कोटी माणसं एकाच वेळी मनाने कमकुवत झाली असं म्हणायचं का?

शरीराचाही वाटा आहे बरं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन यडकिन या दोघांचा शेजारी उभे असलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. अंगातली चरबी मोजली तर यडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे दिसायला सडपातळ माणूससुद्धा आतून चरबीचा असू शकतो, आपल्याकडे तर फारच. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर, बायकांची ८० च्या वर गेली की लक्ष द्यायचं. टेप बेंबीच्या आसपास लावायची, पँटच्या पट्ट्याजवळ नाही, आणि श्वास सोडून, पोट आत ओढून नाही.

टवाळ_भिया
टेप आणली. टेप छोटी निघाली. दुकानदाराशी भांडून येतो.

लौंगसेव
आमचं नमकीनचं दुकान आहे, आजोबांपासून, त्यामुळे माझ्यावर सगळे तुटून पडणार हे माहीत असून लिहून राहिलो आहे.

पहिलं म्हणजे पोह्यांना उगीच बदनाम करू नका. इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले असतात, खाली पाण्याचा भगोना उकळत असतो, तेल घरच्या कांदेपोह्यांपेक्षा कमीच लागतं. घोळ वरच्या मूठभर शेवेचा, जीरावन मसाल्यातल्या मिठाचा आणि शेजारच्या जलेबीचा आहे. दुसरं तेलाचं. २०१८ च्या जुलैपासून नियम आहे, तळून तळून तेलातले पोलर कंपाउंड (तेल खराब झाल्याची खूण) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. आम्ही मशीन घेतलंय, बुडवलं की आकडा दाखवतं. सगळे घेतात का? ते मला विचारू नका.

तिसरं, मी भाजलेली शेव आणि भाजलेला चिवडा ठेवून बघितला. लोक येतात, हातात घेतात, "वा भैया, हे चांगलं केलं" म्हणतात आणि अर्धा किलो तळलेली लौंग सेव घेऊन जातात. मग एकदा मुलाने तीच भाजलेली पाकिटं उचलून काउंटरवर पैसे द्यायच्या जागी ठेवली, दहा रुपयाची छोटी, आणि तळलेली मागच्या फळीवर. तेव्हापासून भाजलेली खपायला लागली. गिऱ्हाईक तेच, चव तीच, किंमत तीच.

सदाशिव_३०
म्हणजे लोक मेंढरं आहेत एवढंच सिद्ध झालं.

लौंगसेव
काका, मग मेंढराला दोष देऊन काय फायदा, फळी हलवा ना.

राजेंद्रनगरची_मीनल
माझं थोडं वेगळं. इथं सगळे पुरुष लिहितायत "मला कचोरी देतात, मला सराफ्यात नेतात". मी देणाऱ्यांतली आहे.

ह्यांना शुगर, सासऱ्यांना बीपी, मुलगा बारावीला. सकाळी एका गॅसवर ह्यांची ज्वारीची भाकरी, दुसऱ्यावर मुलाचे पराठे, सासऱ्यांची भाजी मीठ घालायच्या आधी वेगळी काढायची. मग सासूबाई ताटापाशी उभ्या राहून भाकरीवर तूप सोडतात, चमचा नाही हं, पळी. मी बघितलं की म्हणतात "एवढ्याने काय होतंय, माझा मुलगा वाळलाय किती". हे वाळलेत ते मला तीन वर्षांत दिसलं नाही. आणि तुपाची पळी म्हणजे त्यांचं प्रेम आहे हेही मला कळतं, त्यामुळे भांडता येत नाही. डॉक्टरांनी डाएटचा कागद दिला तो फ्रिजवर लावलाय, त्यात कुठेही सासूबाईंचं काय करायचं ते लिहिलेलं नाही.

माझं चालणं? सकाळी वेळ नाही. संध्याकाळी सात वाजता निघाले की आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुत्री, पुढे लाइट बंद, फुटपाथवर गाड्या आणि गाड्यांना टेकून पोरं. ह्यांना रात्री दहाला फेरी मारता येते. मला नाही.

बडोदेकर_स्नेहा
मीनलताई, अगदी मनातलं बोललात. मी लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा मलाही वाटायचं की आपण आळशी. इथं घराजवळ कमाटीबाग आहे, सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये केलेली. पहाटे आणि संध्याकाळी इतक्या बायका चालत असतात की एकटी असले तरी एकटं वाटत नाही. मी काही सुधारले नाही, बाग जवळ आली. नवरात्रात तर नऊ रात्री गरबा, तेवढं तर मी जन्मात नाचले नव्हते. अर्थात चालून झालं की बाहेर सेवउसळ असतेच, ते वेगळं.

टवाळ_भिया
बडोद्याची सेवउसळ आणि इंदूरचे उसळपोहे यात श्रेष्ठ कोण यावर मतदान घ्या.

लष्करकर
ग्वाल्हेरला या. सकाळी बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, चालायला पहाटे पाचला बाहेर पडा नाहीतर पडूच नका. आमच्याकडे व्यायामाचा शत्रू सूर्य आहे.

कात्रजचा_घाट
एवढं कशाला. डॉ. दीक्षितांचं डाएट करा. दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत संपवायचं, मधे काही नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. माझं १९ किलो गेलं.

हलवा_पुरी
दर दोन तासांनी थोडं थोडं खाणं जास्त शास्त्रीय आहे असं माझं मत.

कात्रजचा_घाट
मताला लॅब रिपोर्ट आहे का?

संपादक
दीक्षित विरुद्ध बाकी सगळे यासाठी वेगळा धागा आहे, ११०० प्रतिसाद झालेत, अजून निकाल लागलेला नाही. तिकडे जावे.

अभ्यासू_आत्या
मूळ विषयावर येते. मित्रमंडळींच्या परिणामावर अमेरिकेत मोठा अभ्यास झालाय, क्रिस्ताकिस आणि फाउलर, २००७. फ्रामिंगहॅम गावातल्या १२,०६७ माणसांची ३२ वर्षांची नोंद होती. त्यात मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते असं दिसलं. नवराबायकोत ती ३७ टक्के. शेजारी लठ्ठ झाला तर काही फरक नाही.

टवाळ_भिया
म्हणजे आता मित्र बदलायचे? माझे सगळे मित्र माझ्यामुळे जाड झालेत, मी कुठे जाऊ?

मुक्ता_इंदूर
आत्या, अभ्यास खरा आहे पण त्यावर नंतर टीकाही पुष्कळ झाली. माणूस मित्र निवडतानाच आपल्यासारखा निवडतो, दोघं एकाच हॉटेलात जातात, एकाच ऑफिसात बसतात, मग कुणामुळे कोण वाढलं हे वेगळं काढणं फार कठीण. त्यामुळे ५७ हा आकडा गळ्यात बांधून फिरू नका. एवढं मात्र आपण सगळ्यांनी बघितलंय की टेबलावर पाचजण खात असताना सहावा नुसता ताक पीत बसला तर पाचही जण त्याच्याकडे संशयाने बघतात.

परदेशीपुरा
मला या धाग्यावर एक गोष्ट खटकली. सराफा, छप्पन दुकानची खाऊगल्ली, ऑफिसातली कचोरी, हे सगळं ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांचं दुखणं आहे. आमचे वडील मिलमध्ये होते, सायकलवर जायचे यायचे, आठ तास उभे राहून काम, मग भाकरीबरोबर गूळ खाल्ला तरी पचायचा. मिल बंद झाल्या, सायकली गेल्या, खाणं तेच राहिलं. आता त्याच वस्तीतल्या ज्या बाई आमच्याकडे काम करतात त्यांना बीपी आहे. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, पण रांगेत उभं राहायचं तर दोन घरांचं काम बुडतं. म्हणून गोळ्या संपल्या की महिनाभर नाहीत. दुपारचं जेवण म्हणजे पोळी आणि लोणचं. त्यांना मी काय सांगू, दिवसाला पाच ग्रॅमच्या वर मीठ खाऊ नका? भाजी कुठून आणायची त्यांनी? त्यांना ज्ञान कमी नाहीये, मला रोज सांगतात "दीदी, तुम्ही शेव कमी खा".

मुक्ता_इंदूर
हे सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंत. ज्याच्याकडे वेळ, पैसा आणि जागा आहे त्याची इच्छाशक्ती मजबूत दिसते. तुमच्या बाईंना एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतील का ते डॉक्टरांना विचारा, बऱ्याच ठिकाणी देतात, आणि त्या दिवशी तुम्ही पगारी सुट्टी द्या. लेक्चर देण्यापेक्षा ते जास्त उपयोगी आहे.

सदाशिव_३०
सगळा दोष परिस्थितीवर ढकलला की माणूस मोकळा. मग सिगरेट ओढणाऱ्यानेही म्हणावं की टपरी घराजवळ होती.

मुक्ता_इंदूर
म्हणतो ना, आणि खरंच असतं. पण तुमचा मुद्दा मी अर्धा मान्य करते, नुसती टपरी हलवून भागत नाही. गुटख्याचंच बघा. मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये गुटखा बंद केला, देशात पहिल्यांदा. दुकानदारांनी पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी विकायला सुरुवात केली, गिऱ्हाईक तळहातावर मिसळून घेतं. कायदा झाला, पण मागणी होती तिथंच होती. दोन्ही बाजू धरायला लागतात.

लौंगसेव
अपन एक उदाहरण देतो, बाहेरच्यांना पटणार नाही पण इंदूरवाल्यांना पटेल. कचरा.

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या दुकानासमोर जी पेटी होती ना, तिच्या आत कचरा कमी आणि बाहेर गायी जास्त असायच्या. लोक हेच होते. खिडकीतून पिशवी फेकणारे, पिचकाऱ्या मारणारे. २०१७ ते २०२३ हेच शहर दरवर्षी देशात स्वच्छतेत पहिलं आलं. सगळ्यांना एका रात्रीत अक्कल आली का? नाही. पेट्या काढून टाकल्या, गाडी रोज ठरल्या वेळी दारात यायला लागली, गाणं वाजलं की अख्खी गल्ली बादल्या घेऊन बाहेर, फेकताना सापडला की दंड, आणि शेजारीण बघतेय याची लाज. माझी आई आता चॉकलेटचा कागदसुद्धा ओला की सुका विचारून टाकते. सवय आतून नाही आली, गाडीतून आली.

मग चालण्याचं, खाण्याचं असं का नाही होऊ शकत?

जेलरोडकर
व्वा. हे डोक्यात आलंच नव्हतं.

सदाशिव_३०
जलेबीवर दंड लावणार का मग?

राजेंद्रनगरची_मीनल
दंड नको, फुटपाथ द्या. इंदुरात गाड्यांना बंदी असलेला, निवांत पायी फिरता येईल असा चांगला रस्ता कुठला? छप्पन दुकान! म्हणजे आम्ही बिनधास्त चालायचं कुठं, तर जिथं दोन्ही बाजूंनी खायचंच आहे तिथं. 🤦‍♀️

टवाळ_भिया
वहिनी, या वाक्याला माझ्याकडून एक खोपरा पॅटिस.

रात्रपाळी
मी कॉल सेंटरला आहे, परदेशी गिऱ्हाईकांची वेळ, म्हणजे आमची रात्र. दीडला जेवणाची सुट्टी. त्या वेळी कॅन्टीनमध्ये फक्त मशीन, त्यात चिप्स आणि कोल्ड्रिंक, नाहीतर मोबाइलवरून मागवा, आणि मोबाइल मला माझ्यापेक्षा जास्त ओळखतो, दीड वाजला की आपणहून बिर्याणीचा फोटो दाखवतो. सकाळी सातला घरी, झोपायचं तर शेजारी लेझीमची प्रॅक्टिस. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी गोड खावंसं वाटतंच, हे मला माझ्यावरून कळलंय. कुणी झोपेबद्दल बोललंच नाही म्हणून लिहिलं.

अभ्यासू_आत्या
झोपेचा मुद्दा बरोबर आहे. झोप कमी झाली की भूक वाढते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आणि ते "२१ दिवस केलं की सवय लागते" जे फॉरवर्ड फिरतं ना, ते सोडून द्या. लंडनला ९६ लोकांवर बघितलं होतं, तर सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. एखादा दिवस चुकला तर फार बिघडलं नाही. एका ठरलेल्या गोष्टीला नवी सवय जोडली होती, उदाहरणार्थ जेवण झालं की लगेच चालणं. मी दुपारच्या चहाचा कप धुतला की चपला घालते. कप तसाच ठेवला तर त्या दिवशी जाणं होत नाही, हे मात्र खरं.

जेलरोडकर
सगळ्यांचे आभार. थोडं काय काय केलं ते सांगतो.

मन घट्ट करायच्या भानगडीत पडलो नाही, लौंगसेव भाऊंचं ऐकलं, फळी हलवली. ब्रँचमध्ये वाढदिवसाची वर्गणी माझ्याकडे असते (हे पद कुणालाच नको होतं). आता कचोरीऐवजी भाजलेले चणे, कांदा-लिंबू, आणि एक छोटं केक. पहिल्या दिवशी मॅनेजर साहेबांनी चण्यांवर इतकं जीरावन ओतलं की मीठ कचोरीपेक्षा जास्त झालं असेल. पण कुणी उठून कचोरी आणायला गेलं नाही, जे समोर होतं ते संपलं. गाडी आता ब्रँचच्या दारात न लावता राजवाड्यापाशी पार्किंगमध्ये लावतो, दोन्ही वेळा चालणं होतं. सराफा मुलांच्या हट्टामुळे सुटला नाही, पण आता जेवून जातो, आधी उपाशी जायचो.

घरी मात्र मीनलताईंचं वाचून बायकोला विचारलं की तुझं स्वयंपाकाचं काम यात वाढलं का. ती म्हणाली "विचारलंस तेच खूप झालं, आता कुकर लाव".

सदाशिव_३०
एवढं करण्यापेक्षा बडवानीला परत बदली मागा की.

टवाळ_भिया
अप्पा पहिल्यांदा मुद्द्याचं बोलले.

राजेंद्रनगरची_मीनल
मुक्ताताई, एक विचारायचं होतं. या घरात सगळ्यांची तपासणी होते, माझी बाळंतपणानंतर कधी झालीच नाही. आता वय ४४. काय काय करून घेऊ आणि उपाशी जावं लागतं का? सकाळी उपाशी निघाले तर डबे कोण करणार हा प्रश्न आहे.

मुक्ता_इंदूर
मीनलताई, लगेच करा. तिसाव्या वर्षानंतर बीपी आणि शुगर बघायलाच हवी, सरकारी केंद्रांवरही तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बघतात. तुमच्यासाठी सोपं म्हणजे एचबीए१सी, त्याला उपाशी लागत नाही, दुपारी डबे झाल्यावर जा. त्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. हिमोग्लोबिन पण करा, ते फार कमी असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवू शकतो. बीपी आणि कंबर तिथंच मोजून घ्या. बाळंतपणात शुगर वाढली होती का? वाढली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, अशा बायकांना पुढे मधुमेहाची शक्यता जास्त असते. आणि डबे एक दिवस तुमचे 'हे' करतील.

राजेंद्रनगरची_मीनल
दुसऱ्या खेपेला वाढली होती. कुणी पुढे बघायला सांगितलंच नाही. गुरुवारी जाते.

लौंगसेव
ताई, दुपारीच जा. सकाळी कुठल्याही लॅबच्या बाहेर पोहेवाला उभा असतो, उपाशी येणाऱ्यांसाठी. आमच्या गल्लीतल्या लॅबसमोर तर जलेबीची कढई पण आहे.